लेकरांचे न बोललेले दुःख

आमच्या एका स्नेह्यांची आठ वर्षांची नात मागील वर्षी भालकीकडील एका गावाहून येथे काचीगुड्यास आजोळी आली. तिच्या पोटात दुखत असे. दुखणे सकाळी शाळेच्या वेळेस सुरू होई आणि दुपार झाली की आपोआप थांबे. तिकडच्या डॉक्टरांनी तपासले, इकडच्यांनी तपासले. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सारे निर्दोष निघाले. शाळेतील गुरुजींचे म्हणणे असे की, मुलगी अत्यंत शांत व आज्ञाधारक आहे, तिच्याविषयी कसलीच तक्रार नाही. घरच्या मंडळींनी निदान केले की, ही शाळा चुकवण्याची ढोंगे होत. शेवटी आजोळच्या एका वृद्ध मावशीबाईंनी हरभरे निवडता निवडता तिला जवळ बसवून घेतले आणि "काय होतंय गं माय?" एवढेच विचारले. बराच वेळ मुलगी बोलली नाही. मग म्हणाली, "आजी गेली तवापासून पोट दुखायलंय."

तिच्या वडिलांच्या आईस जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत घरात दिवसकार्याची, म्हातारीच्या नावच्या जमिनीची आणि दागिन्यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ज्या नातीला ती रोज कुशीत घेऊन निजवीत असे, तिला कोणी एका शब्दाने विचारले नव्हते. लहान आहे, विसरून जाईल, असे सर्वांनीच गृहीत धरले होते.

या 'विसरून जाईल'विषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. मूल विसरत नाही. त्याला सांगता येत नाही, एवढाच त्याच्यात आणि आपल्यात फरक असतो. मोठा माणूस दुःख बोलून दाखवतो, रडतो, क्वचित दुसऱ्यावर डाफरतो. मुलाचे दुःख पोटदुखीच्या, अंथरूण ओले करण्याच्या, अभ्यासात मागे पडण्याच्या, विनाकारण चिडण्याच्या किंवा एकाएकी फार शहाणे होण्याच्या रूपाने बाहेर पडते. यांतील शेवटचे रूप सर्वांत फसवे. जे मूल आदळआपट करते त्याच्याकडे निदान लक्ष तरी जाते. जे गप्प बसते त्याला आपण 'गुणी' म्हणून मोकळे होतो.

आमच्या मुलखास हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या धामधुमीने थकून गावे गाढ झोपेत असता, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात धरणीकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आपल्याकडील घरांची जुनी रीत. ज्या भिंतींनी पिढ्यान्पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला, त्याच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे अशी जमीनदोस्त झाली की, ती जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवावी लागली.

हादरे बिदर-गुलबर्ग्यापर्यंत जाणवले, आणि सुतकही तेथवर पोहोचले. १९५६ साली आपल्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद दुसरीकडे राहिले. रेघ नकाशावर पडली, सोयरिकींवर पडली नाही. आळंदची लेक उमरग्यास दिलेली आणि निलंग्याची सून भालकीस आणलेली, असा हा मुलूख आहे. येथे आपल्या शहरात सुलतान बझारापासून बरकतपुऱ्यापर्यंत जी जुनी मराठी घरे आहेत, त्यांतील कित्येकांची मुळे याच मातीत आहेत.

भूकंपानंतर मदत आली आणि मोठ्या प्रमाणावर आली. तंबू आले, धान्य आले, घोंगड्या आल्या, पुढे पक्की घरेही आली. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. हे कार्य विसरण्याजोगे नाही. ती मुले एकाच मुलखातली, एकच बोली बोलणारी, एकाच रात्रीतून वाचलेली होती. परक्या शहरात त्यांस जो आधार मिळाला असेल, त्यात या गोष्टीचा वाटा लहान नसावा.

परंतु भिंतीखालून माणूस काढता येतो, मनावर पडलेली भिंत कशी उचलावी, हा प्रश्न तेव्हा प्रथमच इतक्या उघडपणे आपल्यापुढे उभा राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपाचे आरोग्यावर आणि विशेषतः मनावर होणारे परिणाम अभ्यासण्याचे काम हाती घेतले. त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. महाराष्ट्र त्यांस 'घाशीराम कोतवाल'मधील नाना फडणवीस म्हणून अधिक ओळखतो. त्यांचा जन्म १९४७ चा, भोरचा, म्हणजे तेही संस्थानी गावचेच. पेशाने ते मनोविकारतज्ज्ञ, पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय येथे त्यांनी अध्यापन केले, आणि महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

या गृहस्थांनी किल्लारीच्या सात वर्षे आधी, १९८६ साली, आणखी एक काम सुरू केले होते. ते वरकरणी वैद्यकाचे नव्हे, पण आमच्या मते त्याचे नाते या विषयाशी फार जवळचे आहे. बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांनी उभारलेल्या 'ग्रिप्स' या बालरंगभूमीची पद्धत त्यांनी पुण्यात आणली, आणि 'छान छोटे वाकडे मोठे' हे तिचे पहिले मराठी नाटक झाले. त्यापूर्वीची आपली बालनाट्ये बहुधा राजा-राणीची, पऱ्यांची आणि राक्षसांची. ग्रिप्सच्या नाटकात राक्षस नसतो. तेथे आई-बाप असतात, शाळा असते, शेजारी असतात, खेळावयास जागा नसते. मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात. मुलाच्या मनात जे चालते ते त्यामुळे भर सभागृहात मोठ्याने ऐकू येते, आणि शेजारी बसलेल्या बापाला कधीकधी आपलेच बोलणे रंगमंचावरून ऐकावे लागते.

एकाच माणसाने मनोविकारांचा अभ्यास करावा आणि मुलांचे नाटकही बसवावे, याचे कित्येकांस नवल वाटते. आम्हांस वाटत नाही. दोन्ही कामांत मूळ गोष्ट एकच: जो बोलू शकत नाही त्याचे ऐकण्याची सोय करणे. मूल आपले दुःख सांगत नाही, ते खेळून दाखवते. घर पडलेले पाहिलेल्या मुलाला ठोकळे दिले तर ते घर रचते आणि पाडते, पुन्हा रचते आणि पुन्हा पाडते. अजाण मोठ्यास ती मोडतोड वाटते. जाणत्यास कळते की, मूल त्या रात्रीची कथा सांगत आहे आणि कोणी तरी शेजारी बसून ती ऐकावी एवढीच त्याची अपेक्षा आहे.

जगाचा अनुभवही याहून निराळा नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असता अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी हॅम्पस्टेड येथे लहान मुलांची निवासगृहे चालवीत होत्या. त्यांच्या ध्यानात आले की, आईच्या कुशीत राहून बॉम्बचे आवाज ऐकलेल्या मुलापेक्षा, सुरक्षित जागी पण आईपासून दूर पाठवलेले मूल पुष्कळदा अधिक खचते. पुढे १९५१ साली जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, त्यात हेच तत्त्व मांडले: मुलाच्या मनाच्या वाढीस आईची, किंवा तिच्या जागी कायम असणाऱ्या एका माणसाची, ऊब आणि अखंड सोबत आवश्यक आहे. शरीराला जसे अन्न, तसे मनाला हे.

अमेरिकेत १९७६ साली चौचिला गावी २६ शाळकरी मुलांना गाडीसह पळवून जमिनीखाली पुरलेल्या एका मोठ्या वाहनात कोंडले होते. सारी मुले सुखरूप परत आली, आणि मोठ्यांनी निःश्वास टाकला की चला, संपले. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्या मुलांचा माग चार-पाच वर्षे ठेवला. त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात त्या भीतीची खूण शिल्लक होती. खेळात, स्वप्नांत, पुढल्या आयुष्याविषयीच्या कल्पनांत ती उतरली होती. अंगावर ओरखडा नाही, म्हणून मनावरही नाही, हा हिशेब चुकीचा ठरला.

आता कोणी म्हणेल, ही पश्चिमेची थेरे; आमच्याकडे आज्या होत्या, एकत्र कुटुंबे होती, आम्हांस मनाचे डॉक्टर कशास हवेत? या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि ते अर्धे आम्ही आदराने मान्य करतो. ओसरीवर सांगितलेली गोष्ट, डोक्यावरून फिरलेला तेलकट हात, शेजारच्या काकूंकडे हक्काने जाऊन बसण्याची मुभा, हे सारे औषधच होते. किल्लारीनंतर वसवलेल्या कित्येक नव्या गावांत रुंद रस्ते आणि सरळ रांगा आल्या, पण जुनी गल्ली आणि जुना शेजार विस्कटला, याची खंत तेथील माणसे आजही बोलून दाखवतात.

परंतु दुसरे अर्धेही सांगितले पाहिजे. "रडतोस काय मुलीसारखा?" हेही आपल्याच घरातले वाक्य आहे. बागुलबुवाची भीती घालून जेवू घालणे, चारचौघांत अंथरूण ओले केल्याची चेष्टा करणे, मूल अबोल झाले की अंगारा-धुपारा करून थांबणे, हेही आपलेच. तीनशे वर्षांचे घराणे सांगणारी माणसे मुलाच्या भीतीपुढे किती अडाणी ठरतात, हे आम्ही आमच्याच पिढीत पाहिले आहे. भावनगर संस्थानात गिजुभाई बधेकांबरोबर कामास लागलेल्या ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ साली बोर्डीस आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडास आदिवासी मुलांची शाळा त्यांच्या अंगणात नेली, त्या वेळी त्यांनी हेच सांगितले होते की, मुलाला मारू नका, भिववू नका, त्याच्या दारी जाऊन त्याच्या जगात बसा. आज देशभर जो 'अंगणवाडी' शब्द चालतो तो त्याच कामातून आलेला आहे. म्हणजे ही शिकवण परदेशची नव्हे. ती आपल्याच घरची, पण आपण पुरती न घेतलेली आहे.

आता सीमेवरील मुलाकडे पाहावे. आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या तालुक्यांत एकाच गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू आणि लमाणी बोली नांदतात. हे वैभव आहे, यात शंका नाही. तेथील मूल खेळता खेळता तीन भाषा शिकते. कन्नड त्याने उत्तम शिकावी, कारण ती त्याच्या राज्याची आणि त्याच्या भाकरीची भाषा आहे. पण पाढे कोणत्याही भाषेत म्हणता येतात, रडणे मात्र घरच्याच भाषेत होते. 'पोट दुखायलंय' हे ज्याला कळत नाही, त्याला त्यामागचे 'आजी गेली' कसे कळावे? मराठी माध्यमाच्या शाळा तेथे अजून आहेत. परंतु पुष्कळ मराठी मुले आज कन्नड वा इंग्रजी शाळेत जातात, आणि वर्गात गप्प बसणारे मूल भाषेमुळे गप्प आहे की दुःखामुळे, हे ओळखणारा कोणी नसतो. आमचे म्हणणे भाषेच्या वादाचे नव्हे. कन्नड बोलणारा गुरुजी मराठी मुलाचे दुःख जाणू शकतो. त्याने मधल्या सुटीत जवळ बसून दोन मोडके मराठी शब्द बोलले तरी पुरते. बसणे मात्र हवे.

त्यातच या भागाचे आणखी दोन ताप आहेत. ऊसतोडीला, बांधकामाला, पुण्या-मुंबईस आणि आपल्या या शहरास आई-बाप जातात. मुले म्हाताऱ्यांपाशी राहतात, आणि म्हातारे माणूस गेले की त्यांचे सारे जगच जाते. दुसरा ताप परीक्षेचा. एकीकडे लातूरचा 'पॅटर्न', दुसरीकडे बिदरची शिकवणी-वसतिगृहे. चौदा-पंधरा वर्षांचे मूल घरापासून तोडून वैद्यकीय प्रवेशाच्या घाण्यास जुंपले जाते. त्यातून डॉक्टर निपजतात हे खरे. पण ज्याचा क्रमांक लागत नाही, तो मुलगा सुटीत घरी येऊन भिंतीकडे तोंड करून का निजतो, हे विचारण्यास कोणास सवड असते? जाणकार सांगतात की, मनोविकारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. २०१५-१६ साली देशाच्या १२ राज्यांत जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली, तिच्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांत सुमारे ७.३ टक्के मुलांस मनाचा काही ना काही आजार आढळला. चाळीस मुलांचा वर्ग धरला तर प्रत्येक वर्गात तीन. त्या तिघांची नावे त्यांच्या गुरुजींस माहीत आहेत काय?

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. उलट, या बाबतीत कर्नाटकाने देशास वाट दाखवली आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आरोग्यसेवक यांस मनाचे आजार ओळखण्याचे शिक्षण दिले, आणि त्याच धर्तीवर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशासाठी सुरू झाला. त्याच संस्थेतील प्राध्यापिका मालविका कपूर यांनी भारतीय मुलांच्या मानसिक आरोग्यावर १९९५ साली ग्रंथ लिहिला, आणि शाळेतील शिक्षकांनाच हे काम शिकवता येते असा आग्रह धरला. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते, आणि तीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत बोलता येते. हा क्रमांक वाचकांनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, एवढी विनंती आहे.

परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला तज्ज्ञ औरादच्या वाडीवरील मुलापर्यंत पोहोचावयाचा तर मधला दुवा हवा. तो दुवा म्हणजे गुरुजी, अंगणवाडीताई आणि घरातील एक निवांत माणूस. संकटात सापडलेल्या माणसाशी कसे वागावे याचे जे प्रथमोपचार जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सांगितले, ते तीन शब्दांत मावतात: पाहा, ऐका, जोडून द्या. यास पदवी लागत नाही.

घरी काय करावे? मरण मुलापासून लपवू नये. "आजी गावाला गेली" असे सांगितले तर मूल वाट पाहत बसते, आणि कोणी गावाला निघाले की धास्तावते. साध्या शब्दांत खरे सांगावे. लहान मुलास पुष्कळदा वाटते की, आपण हट्ट केला म्हणून आजी गेली. तसे नाही, हे त्याला स्पष्ट, पुन्हा पुन्हा सांगावे. जेवण, झोप, शाळा यांची घडी शक्य तितकी पूर्ववत ठेवावी. खेळ बंद करू नये. सुतकातही मुलाने खेळावे. आणि ही लक्षणे आठवड्यामागून आठवडे राहिली, किंवा मूल जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे बोलू लागले, तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता तज्ज्ञाकडे न्यावे.

आपल्या शहरातील मराठी संस्थांसही आमचे एक सांगणे आहे. शारदोत्सव होतात, व्याख्यानमाला होतात, ग्रंथालये जिवापाड सांभाळली जातात. हे सारे चालू राहावे. पण वर्षातून एकदा, ३० सप्टेंबरच्या सुमारास, बिदर आणि कलबुरगी जिल्ह्यांतील सीमेवरच्या शाळांचे वीस-पंचवीस शिक्षक बोलावून, मराठी-कन्नड दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडून त्यांचे दोन दिवसांचे शिबिर का घेऊ नये? खर्च एका सत्कारसमारंभाहून अधिक येणार नाही. ज्या मुलखातून आपले पूर्वज पोथ्या आणि पितळी भांडी घेऊन या शहरात आले, त्या मुलखाचे एवढे देणे आपण लागतो.

त्या आठ वर्षांच्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. औषध काही दिले नाही. मावशीबाईंनी तिला आजीविषयी रोज थोडे बोलू दिले. परत जाताना आजीचे जुने लुगडे पांघरावयास मागून घेण्यास सुचवले, आणि तिच्या आईस सांगितले की, पोरगी रडली तर गप्प करू नकोस, जवळ घे. परवा पत्ता लागला की, पोटदुखी अजून अधूनमधून येते, पण शाळा चुकत नाही. लुगड्याची गोधडी शिवली आहे, आणि ती गोधडी कोणाला धुऊ द्यावयाची नाही, असा तिचा हट्ट आहे. आमचे मत विचाराल तर तो हट्ट पुरवावा.